उताणे निजणारे बाळ आणि डोक्याची गोलाई

बाळाचे जावळ उतरविले की घरातील वडीलधाऱ्यांची दृष्टी पहिल्याने जाते ती डोक्याच्या मागच्या बाजूकडे. इतके दिवस केसांखाली झाकलेला आकार त्या दिवशी सर्वांसमोर येतो. डोके मागून सपाट दिसले, किंवा एका बाजूस बसलेले दिसले, की आजीचा जीव हळहळतो आणि बोल लागतो तो बहुधा आईला : बाळाला एकाच अंगावर निजविले, टाळू नीट भरली नाही, न्हाऊ घालणाऱ्या बाईकडून डोके वळवून घेतले नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या हळहळीला एक नवे रूप आले आहे. बडोदे, इंदूर, बेळगाव, मडगाव येथून लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंड-अमेरिकेस जाणाऱ्या आजीला तेथील रुग्णालयातून बजावून सांगितले जाते की बाळाला झोपेत उताणेच ठेवावे आणि डोक्याखाली उशी म्हणून काहीही देऊ नये. आजी मनात म्हणते, अशाने डोके चपटे होणार. आजीचे म्हणणे खोटे नाही, आणि तिला सूचना देणारी परिचारिकाही खोटे सांगत नाही. ही दोन सत्ये एकाच पाळण्यात कशी येऊन बसली, हे कळण्यासाठी बराच मागचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासात हजारो बालकांचे प्राण गुंतलेले आहेत, म्हणून तो नुसत्या सौंदर्याचा विषय समजून सोडून देण्यासारखा नाही.

प्रथम डोक्याच्या रचनेसंबंधी थोडे. नवजात बालकाची कवटी एकसंध हाडाची नसते. तिची निरनिराळी हाडे सीवनींनी, म्हणजे लवचिक सांध्यांनी, एकमेकांस जोडलेली असतात. प्रसूतीच्या वेळी ही हाडे किंचित एकमेकांवर सरकतात. म्हणून काही बाळे जन्मतः लांबट डोक्याची दिसतात आणि थोड्या दिवसांत तो लांबटपणा आपोआप निवळतो. पुढची टाळू साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास भरून येते. मागची लहान टाळू पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मिटते. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर सुमारे ३४-३५ सेंटीमीटर असतो आणि वर्ष भरता भरता तो ४६ च्या आसपास जातो. ह्या वाढीपैकी जवळजवळ निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. मेंदू आतून वाढतो आणि हाडाला बाहेर सारतो. जेथे हाड तासन्‌तास बिछान्याला टेकलेले असते तेथे त्याला बाहेर येण्यास वाव मिळत नाही, आणि वाढ दुसरीकडे वळते. डोक्याची सपाटी म्हणजे आत खचलेले हाड नव्हे. ती अडविलेली वाढ आहे. ह्याच कारणाने अडथळा वेळीच दूर केला तर वाढच पुष्कळशी भरपाई करते. मात्र ही संधी पहिल्या पाच-सहा महिन्यांत जितकी असते तितकी पुढे राहत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या दोन महिन्यांत बाळाच्या मानेत बळ नसते आणि बहुतेक बाळांची मान एका विशिष्ट बाजूस, पुष्कळदा उजवीकडे, वळण्याकडे कल असतो. एकदा त्या बाजूस थोडी सपाटी आली की डोके घरंगळून पुन्हा त्याच बाजूस येते. परातीच्या बुडाप्रमाणे ते तेथेच स्थिर होते आणि सपाटी वाढत जाते. कधी मानेच्या एका बाजूचा स्नायू आखडलेला असतो. मग बाळाला दुसरीकडे पाहताच येत नाही. पहिलटकरणीचे बाळ, मुलगा, जुळी, अपुऱ्या दिवसांची बाळे, चिमट्याने वा यंत्राच्या साह्याने झालेली प्रसूती, ह्या ठिकाणी हा प्रकार अधिक आढळतो. ह्यात आईच्या निष्काळजीपणाचा भाग फार थोडा असतो, हे आम्हांला प्रारंभीच सांगावेसे वाटते.

आता इतिहास. आपल्या प्राचीन वैद्यांनी बालकाच्या डोक्याची चिंता केली आहे, पण ती आकारापेक्षा रक्षणाची होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नवजाताच्या टाळूवर तुपात भिजविलेला कापसाचा बोळा ठेवण्यास सांगितले आहे. आपल्या घरांतील टाळू भरण्याची चाल ह्याच जातीची. त्याच ठिकाणी बाळाला अवेळी बसवू नये, बसविल्यास पाठीस कुबड येण्याचे भय असते, असाही इशारा आहे. कोवळ्या हाडांना जशी स्थिती द्यावी तसा आकार येतो, हे निरीक्षण त्या काळी पक्के होते एवढे ह्यावरून म्हणता येते.

हेच निरीक्षण इतरत्र निराळ्या कामी लावले गेले. ग्रीक वैद्य हिप्पोक्रातिसाच्या नावावर असलेल्या, हवा, पाणी आणि स्थळ ह्यांविषयीच्या ग्रंथात लांब डोक्याच्या एका जमातीचे वर्णन आहे. ते लोक लांब डोके कुलीनतेचे लक्षण मानीत आणि मूल जन्मताच हातांनी व पट्ट्यांनी त्याचे डोके लांबवीत. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास रोमन जगात वैद्यकी करणारा सोरानस दाईला बाळाच्या डोक्यास हाताने गोलाई देण्याची रीत समजावून सांगतो. आपल्या न्हाणीघरात जे चालते त्याच्याशी हे वर्णन चकित करण्याइतके जुळते. हूणांच्या काळच्या, पाचव्या शतकातील युरोपीय दफनभूमींत मुद्दाम लांबविलेल्या कवट्या मिळाल्या आहेत. पेरू देशात ही चाल शेकडो वर्षे होती; सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश राज्यकर्त्यांनी व धर्मसभांनी तिला मनाई केली. उत्तर अमेरिकेत कोलंबिया नदीकाठचे चिनूक लोक बाळाला फळीच्या पाळण्यात बांधून कपाळावर दुसरी फळी आवळीत, आणि असे सपाट कपाळ हे स्वतंत्र कुळाचे भूषण समजले जाई. गंमत अशी की ‘चपट्या डोक्याचे’ असे नाव गोऱ्या प्रवाशांनी ज्या दुसऱ्या एका जमातीला दिले ती असे काही करीतच नव्हती. फ्रान्समध्ये तर तुलूझच्या परिसरात खेड्यापाड्यांतून बाळाचे डोके पट्टीने घट्ट बांधण्याची चाल एकोणिसाव्या शतकातही होती आणि तेथील डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध पुष्कळ लिहिले. तेव्हा मागासलेल्या लोकांचा हा खेळ होता असे कोणी समजू नये.

डोक्याच्या आकारावरून माणसाची प्रतवारी करण्याची हौस पुढे विद्वानांनाही लागली, आणि त्यांत आपण महाराष्ट्रीय मंडळी अनायासे सापडलो. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिझले ह्यांनी हिंदुस्थानातील लोकांची डोकी व नाके मोजून वंशांची एक मांडणी केली. १९०८ मध्ये त्यांचा ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ निघाला. पश्चिम हिंदुस्थानात डोकी रुंद आढळली, म्हणून मराठे कुणबी व महाराष्ट्रीय ब्राह्मण ह्यांना त्यांनी शक आणि द्रविड ह्यांच्या मिश्रणातून निघालेले ठरविले. प्रा. गो. स. घुर्ये ह्यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिझलेच्या सिद्धान्तांची चांगली झाडाझडती घेतली आहे. आमच्या विषयापुरते इतकेच म्हणावयाचे की मोजपट्टीला डोके रुंद आहे एवढे दिसते. ते पूर्वजांमुळे रुंद की बाळपणीच्या निजण्यामुळे, हे मोजपट्टी सांगत नाही. त्याच सुमारास जर्मनीत श्टुटगार्ट येथील सुईणींच्या विद्यालयाचे प्रमुख गुस्ताफ वाल्शर ह्यांनी दाखवून दिले होते की तान्ह्या बाळांना उताणे निजविले तर डोके रुंद होते आणि कुशीवर निजविले तर लांबट. अमेरिकेत फ्रान्झ बोआस ह्यांनी सुमारे १८,००० स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मोजमापे घेऊन १९११-१२ च्या सुमारास असे प्रसिद्ध केले की आईबाप एका मापाचे आणि अमेरिकेत जन्मलेली मुले निराळ्या मापाची निघतात. पाळणा आणि बाळाला बांधून ठेवण्याची रीत हेही ह्याचे एक कारण असावे, अशी चर्चा तेव्हा झाली.

ह्या प्रकरणात एका मराठी विदुषीचे नाव येते, आणि ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. इरावतीबाई कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि आयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो विषय घेतला तो मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा होता. युरोपीय कवट्यांत ही असमानता अधिक असते आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण आहे, अशी गुरूची अपेक्षा होती. बाईंनी संग्रहातील कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत असा काही भेद नाही, असे निष्कर्षात लिहून टाकले. त्या वेळच्या बर्लिनमध्ये एका हिंदी विद्यार्थिनीने हे लिहिणे सोपे नव्हते. ‘युगान्त’च्या वाचकांना त्यांचा हा स्पष्टपणा ओळखीचा वाटेल. आमच्या विषयाशी ह्याचा संबंध असा : डोक्याच्या दोन्ही बाजू थोड्याफार असमान असणे हे सर्व मानवजातीत स्वाभाविक आहे. तोळामासा फरकासाठी ज्या आया रात्र रात्र जागतात त्यांनी हे लक्षात ठेवण्यास हरकत नाही.

आता आमच्या कथेचा मुख्य भाग, म्हणजे विसाव्या शतकात पाश्चात्त्य पाळण्यात झालेली उलथापालथ. १९४६ मध्ये अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक ह्यांचे बालसंगोपनाचे पुस्तक निघाले. लक्षावधी घरांत ते धर्मग्रंथासारखे वाचले गेले. १९५० च्या दशकातील आवृत्तीत स्पॉकसाहेबांनी बाळाला पालथे निजविण्याकडे कौल दिला आणि त्याची दोन कारणे दिली. एक, उताणे असताना ओकारी झाली तर ती घशात अडकण्याची भीती. दुसरे कारण आमच्या विषयाचेच आहे : उताणे निजणारे बाळ तोंड एकाच बाजूस करते आणि त्यामुळे डोके त्या बाजूस चपटे होऊ शकते. ह्याने मेंदूला अपाय होत नाही आणि डोके हळूहळू सुधारते, हेही त्यांनी तेथेच सांगितले होते. पण सल्ला मात्र पालथेपणाचा राहिला. पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पालथे ठेवल्यास श्वास सुलभ होतो, असे रुग्णालयांत आढळले. तीच रीत निरोगी बाळांनाही लागू झाली आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे बाळे पालथी निजू लागली. डोकी छान गोल झाली.

ह्या गोलाईचे मोल फार झाले. निरोगी बाळ रात्री निजवावे आणि सकाळी ते मृत आढळावे, कारण काही सापडू नये, अशा मृत्यूंना तिकडे पाळण्यातील मृत्यू म्हणत. न्यूयॉर्कच्या डॉ. हॅरल्ड अब्रॅमसन ह्यांनी १९४४ सालीच अशा मृत्यूंत पालथी बाळे अधिक असल्याचे नोंदविले होते. ती नोंद कोणी मनावर घेतली नाही. १९७० नंतर पुरावा साचत गेला, तरी सल्ला बदलला नाही. १९८५ मध्ये हाँगकाँगहून डॉ. डेव्हिस ह्यांनी लिहिले की तेथे असे मृत्यू विरळा आहेत आणि तेथील चिनी बाळे उताणी निजतात. ऑस्ट्रेलियात डॉ. सुझन बील घरोघर जाऊन मृत्यूंची चौकशी करीत होत्या. त्यांचाही निष्कर्ष तोच. १९८७ मध्ये हॉलंडमध्ये प्रा. दे योंग ह्यांनी पालथे निजविण्याविरुद्ध उघड मोहीम सुरू केली. न्यूझीलंडने देशव्यापी पाहणी करून १९९१ मध्ये जनतेला सावध केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवरील निवेदिका अ‍ॅन डायमंड ह्यांचा चार महिन्यांचा मुलगा सेबास्टियन असाच गेला. त्यांनी न्यूझीलंडची माहिती मिळविली आणि सरकारचा पाठपुरावा केला. १९९१ च्या अखेरीस तेथे बाळाला पाठीवर निजविण्याची मोहीम निघाली आणि थोड्याच वर्षांत हे मृत्यू सुमारे दोन-तृतीयांशांनी उतरले. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ मध्ये सल्ला दिला, १९९४ मध्ये मोहीम सुरू झाली, आणि दशकाअखेर तेथील मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे कुशीवर निजविणेही बंद करण्यात आले, कारण कुशीवरचे बाळ सहज पालथे होते.

२००५ मध्ये काही ब्रिटिश संशोधकांनी मागे वळून हिशेब मांडला. १९७० पर्यंतचा पुरावा त्याच वेळी नीट एकत्र केला असता तर इंग्लंडमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान ५०,००० बाळे वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा वाचून आम्ही बराच वेळ थबकलो. एका सदिच्छ डॉक्टराच्या पुस्तकातील दोन ओळी, त्यांपैकी एक डोक्याच्या आकाराविषयीची, आणि तिच्या मागे इतके रिते पाळणे!

आपल्याकडील मंडळींचा ह्यांत एक वाटा आहे, तोही सांगितला पाहिजे. इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या हिंदी उपखंडातील मातांच्या बाळांत असे मृत्यू गोऱ्या मातांच्या बाळांपेक्षा पुष्कळ कमी होते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीतून ते स्पष्ट झाले. ब्रॅडफर्ड शहरात ह्या घरांची पाहणी झाली तेव्हा दिसले की येथे बाळ आईबापांच्या खोलीतच निजते, घरातील बायका धूम्रपान करीत नाहीत, आणि बाळाभोवती रात्रंदिवस माणसे असतात. आपल्या आज्यांनी कोणते शास्त्र वाचले नव्हते; पण स्पॉकही वाचला नव्हता, ही त्या बाळांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट ठरली.

उताणे निजणाऱ्या बाळाला ओकारी अडकत नाही काय, ही शंका आमच्या वाचकांनाही येईल. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या अंगास असते; परत आलेले दूध खालीच राहते आणि बाळ ते गिळते किंवा खोकून टाकते. पालथेपणी ही मांडणी उलटी होते. मोहिमांनंतर ओकारी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचे आढळले नाही.

डोकी मात्र चपटी होऊ लागली. १९९६ मध्ये अमेरिकेतील दोन ठिकाणच्या शल्यविशारदांनी, सेंट लुईस येथील केन व त्यांचे सहकारी आणि नॉर्थ कॅरोलिनातील अर्जेंटा ह्यांनी, मागून सपाट डोक्यांच्या बाळांची संख्या १९९२ नंतर एकदम वाढल्याचे नोंदविले. आरंभी तर गोंधळच उडाला. मागील सीवनी अकाली जुळल्याने डोके वाकडे होण्याचा एक दुर्मीळ विकार आहे. ही साधी सपाटी त्यातच जमा करून काही बाळांच्या कवटीवर नाहक शस्त्रक्रियाही झाल्या. न्यूझीलंडमध्ये २०० बाळांची जन्मापासून दोन वर्षे पाहणी झाली, तिचे आकडे २००४ मध्ये आले. सहा आठवड्यांच्या वयात १६ टक्के, चार महिन्यांस सुमारे २० टक्के, वर्षाच्या वयास सुमारे ७ टक्के आणि दोन वर्षांस ३.३ टक्के बाळांत सपाटी आढळली. कॅनडात कॅल्गरी येथे सात ते बारा आठवड्यांची ४४० बाळे तपासली तेव्हा ४६.६ टक्क्यांत ती दिसली, परंतु बहुतेकांत सौम्य. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ बसू लागले, रांगू लागले की डोके बिछान्यावरून उठते आणि बहुतेक सपाटी निवळते, हा अर्थ ह्या आकड्यांतून निघतो. मोठी सपाटी असलेल्या मुलांत विकास किंचित मागे असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. पण सपाटीमुळे विकास मागे पडला असे त्यावरून सिद्ध होत नाही. कमी हालचाल करणाऱ्या बाळाचेच डोके अधिक सपाट होते, हा उलट क्रम संभवतो.

सपाटी येऊच नये म्हणून काय करता येते? फिनलंडमध्ये औलू येथे ह्याची परीक्षा झाली व २०१५ मध्ये निष्कर्ष आले. बाळाला पाठीवरच निजवावे, परंतु जागेपणी त्याला एका स्थितीत जखडू नये, मान दोन्हीकडे वळेल असे करावे, जागेपणी पालथे ठेवावे, असे ज्या आईबापांस जन्मानंतर लगेच शिकविले त्यांच्या बाळांत तीन महिन्यांच्या वयास सपाटी ११ टक्के होती. नेहमीच्याच सूचना मिळालेल्यांत ३१ टक्के. औषध नाही, यंत्र नाही, केवळ रोजची रीत बदलली. करावयाचे ते असे : बाळाचे उसे एका रात्री एका टोकास, दुसऱ्या रात्री दुसऱ्या टोकास करावे, म्हणजे उजेडाकडे व आईकडे पाहताना मान आळीपाळीने वळते. पाजताना व कडेवर घेताना बाजू बदलावी. वाहनात बसविण्याच्या खुर्चीत प्रवासाव्यतिरिक्त बाळ ठेवू नये. आणि जागे असताना, माणूस जवळ असताना, पालथे ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये न रांगणाऱ्या बाळांसाठी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असे प्रमाण सांगितले आहे.

हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आली ती आपली न्हाणी. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसते, बाळाला पायांवर उताणे घेऊन तेल चोळते, मग पालथे घेऊन पाठ चोळते. तेथे बाळ जागे असते, मान उचलण्याची धडपड करते, अंगावर पाणी पडले की रडून घर डोक्यावर घेते. गोव्याकडील वयजीण असो की देशावरची सुईण, जागेपणीच्या पालथेपणाचा हा पाठ तिने रोज दिलेलाच आहे. त्यात सकाळ-संध्याकाळ कडेवर, खांद्यावर, मांडीवर, ह्या आत्याकडून त्या मावशीकडे फिरणारे बाळ. भरल्या घरात बाळाचे डोके बिछान्यावर टेकून राहण्यास फुरसतच नसे. आज शहरातल्या तीन खोल्यांत एकटी आई, बाळ पाळण्यात नाही तर खुर्चीत. हे अंतर डोक्याच्या मागे उमटल्यास नवल नाही.

परंतु न्हाणीतील सर्वच जपून ठेवावे असे नाही. दोन्ही तळव्यांत डोके धरून दाबून गोल करण्याने हाडाला आकार येत नाही. दिवसातून दोन मिनिटांचा दाब आणि अठरा तासांचा बिछाना ह्यांत बिछाना जिंकतो. बाळाला दुखते, आणि जोर अधिक झाला तर अपाय होण्याची भीती आहे. टाळूवर बोटाच्या टोकाने तेल लावण्यास अडचण नाही. तेथे दाबू मात्र नये. दुसरी गोष्ट मोहरीच्या उशीची. गुजरातेकडे, माळव्यात आणि आपल्याही पुष्कळ घरांत बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी किंवा कापडाची चुंबळ देतात. मोहरी डोक्याच्या आकाराप्रमाणे सरकते आणि दाब वाटला जातो, हा विचार चुकीचा नाही. धोका दुसरा आहे. उशीने हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दबतो. तोंड वळले तर नाक उशीत रुतते. शिवण उसवली तर दाणे तोंडात जातात. बाजारात आता डोके गोल करणाऱ्या, मध्ये खळगा असलेल्या उशा मिळतात, त्याही ह्याच जातीच्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये अशा उशा वापरू नयेत असा जाहीर इशारा दिला. डोके वळवून ठेवण्यासाठी झोपेत बाळाच्या अंगाला गुंडाळ्या लावणेही ह्याच कारणाने टाळावे. हा भाग आम्ही मुद्दाम स्पष्ट लिहीत आहोत, कारण आजीची माया आणि बाळाचा श्वास ह्यांत येथे खरोखरीच निवड करावी लागते.

सपाटी आलीच तर? मान एका बाजूस वळत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच बालरोगतज्ज्ञास दाखवून मानेचे व्यायाम शिकून घ्यावेत. हॉलंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सातव्या आठवड्यानंतर असे व्यायाम दिलेल्या बाळांत तीव्र सपाटी स्पष्टपणे कमी राहिली. हेल्मेटचा उपाय सिअ‍ॅटलच्या डॉ. क्लॅरन ह्यांनी १९७९ मध्ये मांडला, म्हणजे पाठीवर निजविण्याच्या मोहिमेच्या आधीच. बाळाच्या डोक्यावर साधारण चौथ्या ते बाराव्या महिन्याच्या दरम्यान मापाचे शिरस्त्राण बसवितात, ते दिवसाचे सुमारे २३ तास ठेवावे लागते. सपाट भागी आत पोकळी राखलेली असते, तिकडे वाढ जाते. चिनूकांच्या फळीचेच तत्त्व, उलट हेतूने! त्याचा उपयोग किती, ह्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. २०१४ मध्ये हॉलंडमधील ८४ बाळांची चाचणी प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र सपाटी असलेल्या ह्या बाळांपैकी अर्ध्यांना सहा महिने हेल्मेट, अर्ध्यांना काहीच नाही. दोन वर्षांच्या वयास पूर्ण बरी झालेली बाळे पहिल्या गटात २५.६ टक्के, दुसऱ्यात २२.५ टक्के. घाम, वास, कातडीस त्रास अशा तक्रारी हेल्मेटच्या गटातील झाडून सर्व आईबापांनी केल्या. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनेने मात्र २०१६ मध्ये, व्यायाम व स्थितीबदल करूनही मध्यम वा तीव्र सपाटी राहिली तर हेल्मेट द्यावे, असा सल्ला दिला आहे. आमच्या मते सौम्य सपाटीसाठी कर्ज काढून हे शिरस्त्राण बसविण्याचे कारण नाही. तीव्र असेल तर पाचव्या-सहाव्या महिन्यापूर्वी तज्ज्ञाचे मत घ्यावे, नंतर त्याचा उपयोग घटत जातो.

एक प्रकार मात्र ह्या सर्वांहून वेगळा ओळखला पाहिजे, आणि तो म्हणजे सीवनी अकाली जुळण्याचा. दोन-अडीच हजार जन्मांत एखादे असे बाळ असते. निजण्याने आलेल्या सपाटीत जन्मतः डोके बहुधा ठीक असते, पहिल्या काही आठवड्यांत ते बसते. वरून पाहिल्यास सपाट बाजूचा कान व कपाळ किंचित पुढे सरकलेले दिसतात, आणि बाळ मान धरू लागल्यावर सुधारणा होऊ लागते. सीवनी जुळली असेल तर आकार बहुधा जन्मापासूनच वेगळा असतो, हाडावर बोट फिरविले तर उंचवटा लागतो, आणि महिन्यामागून महिना तो बिघडतच जातो. टाळू फार लवकर मिटली, डोक्याचा घेर वाढेनासा झाला, तरीही तीच शंका घ्यावी. अशा बाळाचे महिने मालिश, उशी आणि नवस ह्यांत घालवू नयेत. त्याला लगेच बालरोगतज्ज्ञाकडे आणि तेथून शल्यविशारदाकडे न्यावे, कारण त्याची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षातच करावी लागते.